मित्राचा दाखला खोटा वाटतोय? तक्रारीच्या अर्जाआधी वाचावं असं काही

बारावीचे निकाल लागले की दाखल्यांचा हंगाम सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, अधिवास, जातवैधता. सेतू केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की कोणाच्या हातात कोणता कागद आहे ते न बघताही दिसतं. ज्याच्या वडिलांचं बाजारपेठेत चांगलं चालणारं दुकान आहे, त्या मित्राच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न ९६ हजार लिहिलेलं असतं. घरून रोज ये-जा करणारी मैत्रीण वसतिगृह भत्त्यासाठी भाडेकरार जोडते. पीएचडीची फेलोशिप घेणारा सिनिअर दिवसा एका कंपनीत पूर्ण वेळ नोकरी करतो, हे साऱ्या विभागाला ठाऊक असतं. ही माणसं परकी नसतात. आपण तापाने फणफणलो तेव्हा त्यांनीच मेसमधून डबा आणून दिलेला असतो. मग कळवायचं की गप्प बसायचं?

‘मैत्री मोठी की प्रामाणिकपणा’ असा वाद मनात घातला तर तो संपत नाही. त्याऐवजी स्वतःला दोन साधे प्रश्न विचारा. मला नक्की काय माहीत आहे? आणि या प्रकारात नुकसान कोणाचं होतंय? दोन्हींची उत्तरं कागदावर लिहून काढली की बहुतेक वेळा पुढची वाट दिसते.

आधी नियम, मग संशय

आपल्याकडच्या सवलतींचे नियम एकसारखे नाहीत. त्यामुळे जे उघड लबाडीचं वाटतं, ते पुष्कळदा नियमात बसणारं असतं.

नॉन-क्रिमीलेअरचंच घ्या. मर्यादा वार्षिक ८ लाखांची, म्हणून ‘त्याच्या आई-बाबांना मिळून बारा लाख पगार आहे, तरी दाखला कसा निघाला?’ असा प्रश्न हमखास येतो. पण केंद्र सरकारने ८ सप्टेंबर १९९३ ला ठरवलेल्या निकषांनुसार उत्पन्नाच्या या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. सरकारी नोकरीत असलेल्या पालकांच्या बाबतीत मुख्यतः त्यांचं पद पाहतात. वर्ग तीनमध्ये नोकरी करणाऱ्या दांपत्याच्या मुलाचा दाखला पगार ८ लाखांवर गेला तरी नियमाने निघू शकतो.

ईडब्ल्यूएसचा हिशेब याच्या उलट आहे. तिथेही आकडा ८ लाखांचाच, पण त्यात पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. केंद्राच्या निकषांत त्याशिवाय मालमत्तेची अट आहे: पाच एकर किंवा जास्त शेतजमीन, हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठं घर असेल तर उत्पन्न कमी असूनही पात्रता जाते. म्हणजे दोन मित्रांच्या घरची परिस्थिती सारखी असली, तरी एकाचा दाखला खरा आणि दुसऱ्याचा खोटा असू शकतो. फरक नुसता कोणत्या योजनेसाठी अर्ज केला एवढाच.

‘तो दोन-दोन ठिकाणांहून पैसे घेतो’ हीही नेहमीची तक्रार. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती फीसाठी आहे आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता राहण्या-जेवणासाठी. पात्र विद्यार्थ्याला दोन्ही मिळू शकतात. याउलट यूजीसीची जेआरएफ घेताना दुसरी पगारी नोकरी चालत नाही, आणि वसतिगृहात खोली मिळालेली असेल तर वेगळा घरभाडे भत्ता घेता येत नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७ हजार झाली आहे. तेव्हा तिथली लबाडी किरकोळ रकमेची नसते.

दिव्यांगत्वाच्या बाबतीत तर जीभ फारच आवरायला हवी. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठलं आणि त्या वर्षीच्या ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने ती उमेदवारी रद्द केली. असं एखादं प्रकरण गाजलं की ‘याला तर काहीच झालेलं दिसत नाही’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी येऊ लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत कमी ऐकू येणं, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता असे अनेक प्रकार चटकन डोळ्यांना दिसत नाहीत. परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटं जास्त मिळणारा मित्र वर्गात सगळ्यांसारखाच वागताना दिसेल. त्याची तपासणी करणं हे वैद्यकीय मंडळाचं काम आहे.

जातप्रमाणपत्राचंही तसंच. पडताळणी समितीने दावा अवैध ठरवला म्हणजे माणसाने खोटेपणा केला असं होत नाही. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचे पुरावे मागितले जातात. ज्यांच्या आजोबांकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला, त्या घरात हे कागद यायचे कुठून? पुराव्याअभावी दावा फेटाळला जाणं आणि बनावट कागद करून दावा रेटणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

तुम्हाला माहीत आहे ते कितपत पक्कं?

नियम कळल्यावरही शंका उरली तर आपली माहिती तीन ढिगांत वाटा. ऐकलेलं, स्वतः पाहिलेलं आणि मित्राने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं.

पहिला ढीग सरळ बाजूला ठेवा. दुसऱ्याकडे जरा सावधपणे बघा. नवा फोन हप्त्यांवर येतो. दुकान काकांच्या नावावर असतं आणि वडील तिथे गल्ल्यावर बसतात. गाडी असते, पण तिच्यामागे पतसंस्थेचं कर्ज असतं. ज्या वर्षी सोयाबीनने दगा दिला त्या वर्षाचं उत्पन्न खरोखरच खाली गेलेलं असतं. राहणीमानावरून उत्पन्न काढणं आयकर खात्यालाही अवघड जातं.

तिसरा ढीग मात्र गंभीर आहे. ‘एजंटला दोन हजार दिले, त्यानेच आकडा टाकून आणला’ असं मित्राने सांगितलं असेल, किंवा खोटा भाडेकरार करण्यासाठी त्याने तुमचीच सही मागितली असेल, तर आता ती नुसती शंका राहिलेली नाही.

पुरावा शोधण्याच्या भरात एक मर्यादा ओलांडू नका. मित्राचा फोन उघडून दाखल्याचा फोटो काढणं, त्याच्या महाडीबीटीच्या खात्यात डोकावणं, कपाटातली फाइल चाळणं हे करू नका. माहितीच्या अधिकारात त्याचे कागद मागवण्याचाही उपयोग नाही, कारण दुसऱ्याची खासगी माहिती सहसा नाकारली जाते. पडताळणी करणाऱ्या यंत्रणेकडे मूळ नोंदी असतात. तुम्ही फक्त ‘इथे बघा’ एवढं सांगायचं असतं.

नुकसान कोणाचं होतंय?

सगळ्या लबाड्यांची इजा सारखी नसते. जिथे जागा मोजक्या असतात तिथे एकाने खोट्याने घेतलेली जागा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून जाते. सरकारी वसतिगृहातली खाट, अभियांत्रिकीच्या कॅप फेरीतली ईडब्ल्यूएसची जागा, वैद्यकीयची राखीव जागा, फेलोशिपच्या यादीतला शेवटचा क्रमांक. त्या यादीत खाली राहिलेला मुलगा किंवा मुलगी खरीखुरी असते, फक्त तुम्ही तिला ओळखत नसता. मित्राचा चेहरा समोर असतो आणि तिचा नसतो, म्हणून पारडं आपोआप मित्राकडे झुकतं. निर्णय घेताना हे लक्षात ठेवा.

फी सवलतीत चित्र थोडं वेगळं आहे. तिथे सहसा पात्र असेल त्या प्रत्येकाला लाभ मिळतो. त्यामुळे मित्राने खोटं केलं म्हणून वर्गातल्या कुणा एकाचा हक्क थेट जात नाही. नुकसान सरकारी तिजोरीचं, म्हणजे सगळ्यांचं मिळून होतं. ते क्षम्य आहे असं नाही. पण अशा प्रकरणात मित्राला चूक दुरुस्त करायला थोडा अवधी देण्यात कुणा तिसऱ्याचा बळी जात नाही.

प्रवेशाच्या बाबतीत वेळेला फार किंमत आहे. प्रवेशफेऱ्या चालू असताना खोटा प्रवेश रद्द झाला तर ती जागा पुढच्या उमेदवाराला मिळू शकते. अंतिम मुदत उलटल्यावर तो रद्द झाला तर जागा बहुधा रिकामीच राहते. म्हणून जागेचा प्रश्न असेल आणि माहिती पक्की असेल, तर ‘सेमिस्टर संपल्यावर बघू’ म्हणणं हाही एक निर्णयच ठरतो.

८ लाखांच्या रेषेवरचा मोह अलीकडे वाढला आहे, हेही समजून घ्या. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. रेषेच्या अलीकडे पूर्ण माफी आणि पलीकडे काहीच नाही. साडेआठ लाख कमावणाऱ्या बापाला काय वाटत असेल ते कळतं. पण रेष चुकीच्या जागी आहे असं वाटलं तर ती बदलून घेण्याची मागणी करावी. खोटा दाखला हा त्यावरचा इलाज होत नाही.

कागदाआधी तोंडी बोला

माहिती पक्की असेल आणि घाईचं कारण नसेल, तर पहिलं पाऊल अर्जाचं नसावं. मित्राला एकट्याला गाठा. मेसच्या टेबलावर नको, ग्रुपवर तर नकोच. आवाजात निवाडा नको. ‘तू सरकारला फसवतोयस’ म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. त्याऐवजी असं म्हणता येईल: ‘तुझा उत्पन्नाचा दाखला कोणी काढला रे? त्यावरचा आकडा तू बघितलास का? उद्या पडताळणी आली तर सही तुझी आहे.’

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. पुष्कळ घरांत अर्ज वडील भरतात, वडिलांच्या वतीने एजंट भरतो, आणि अठरा वर्षांचं पोर सांगितलं तिथे सही करतं. स्वयंघोषणापत्रावर आपण काय कबूल केलं, हे त्याने वाचलेलंही नसतं. त्याला परिणाम सांगणं म्हणजे धमकावणं नव्हे.

परिणाम खरेच जड आहेत. जातप्रमाणपत्र खोटं ठरलं तर महाराष्ट्राच्या यासंबंधीच्या कायद्यानुसार मिळालेले लाभ परत घेतले जातात, त्या आधारावर मिळवलेली पदवीही रद्द होते, आणि सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केलं, की बरीच वर्षं नोकरी झाली एवढ्यावर अशा माणसाला संरक्षण मिळत नाही. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आज जे शिष्यवृत्तीचे काही हजार आहेत, ते पंधरा वर्षांनी संसार उभा राहिल्यावर फार महाग पडतात.

मित्राला बाहेर पडायची वाटही दाखवा. शिष्यवृत्तीचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पुढच्या वर्षी खरा दाखला जोडणं किंवा अर्जच न करणं ही त्यातल्या त्यात कमी बोभाट्याची दुरुस्ती आहे. घेतलेली रक्कम परत करायची असेल तर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात लेखी अर्ज द्यावा, पुढची रीत ते सांगतात. आपणहून पुढे आलेल्या विद्यार्थ्याकडे आणि पकडलेल्याकडे कोणतंही कार्यालय एकाच नजरेने पाहत नाही.

दोन प्रसंगी मात्र आधी बोलण्याच्या भानगडीत पडू नका. एक, प्रकरण एकट्या मित्राचं नसून त्यामागे एजंट, कर्मचारी किंवा संस्था असेल तेव्हा. दुसरा, मित्र तुम्हाला धमकावेल किंवा त्रास देईल अशी भीती असेल तेव्हा.

तक्रार करायचं ठरलं तर

योग्य दार ठोठावलं तर निम्मं काम होतं. शिष्यवृत्ती किंवा भत्त्याचा प्रश्न असेल तर आधी महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती विभाग आणि प्राचार्य. त्यानंतर ती योजना ज्या खात्याची असेल ते, उदाहरणार्थ समाज कल्याण खात्याचं जिल्ह्यातलं कार्यालय. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो देणारे तहसीलदार, कारण चौकशी करून तो रद्द करण्याची प्रक्रिया तिथूनच सुरू होते. जातप्रमाणपत्रासाठी जिल्हा जातप्रमाणपत्र पडताळणी समिती. कॅपमधल्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष. दाखल्यासाठी कुणी लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक.

अर्ज छोटा ठेवा. जे पाहिलं तेवढंच लिहा आणि निष्कर्ष अधिकाऱ्यावर सोडा. ‘अमुक विद्यार्थी भ्रष्ट असून खोटारडा आहे’ यापेक्षा हे जास्त कामाचं: ‘सदर विद्यार्थ्याने वसतिगृह भत्त्यासाठी जोडलेल्या भाडेकरारातील पत्त्यावर तो राहत नसून शहरातील स्वतःच्या घरून येतो, असे मी स्वतः पाहिले आहे. कृपया प्रत्यक्ष पडताळणी व्हावी.’ त्याची जात, धर्म, गाव, स्वभाव, मैत्रिणी यांतलं काहीही अर्जात नको.

निनावी अर्जावर सहसा फारसं काही होत नाही, त्यातून तो मोघम असेल तर नाहीच. नाव देऊन ते गुप्त ठेवण्याची लेखी विनंती करता येते. तरीही छोट्या विभागात कोणी कळवलं असेल याचा अंदाज लोक बांधतातच. ही शक्यता गृहीत धरूनच पाऊल उचला.

नाव न घेताही एक मार्ग आहे आणि तो बऱ्याचदा जास्त परिणामकारक ठरतो. माणसाऐवजी व्यवहाराकडे बोट दाखवा. ‘एकाच घरमालकाच्या नावे अनेक विद्यार्थ्यांचे भाडेकरार जोडलेले आहेत, त्यांची पाहणी व्हावी’ किंवा ‘अमुक केंद्रावर पैसे घेऊन हवा तो आकडा टाकून दाखले मिळतात’ अशी तक्रार मुळावर घाव घालते. मोठे आकडे तिथेच असतात. २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने शिष्यवृत्ती प्रकरणी तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बनावट किंवा नुसत्या कागदावरच्या निघाल्या. त्यांच्यामुळे झालेलं नुकसान सुमारे १४५ कोटींचं होतं आणि तपास सीबीआयकडे गेला. असा पैसा कुण्या एका रूममेटने लाटलेला नसतो.

चार गोष्टी कटाक्षाने टाळा. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा इन्स्टावर नाव टाकू नका, बदनामीचा दावा तुमच्यावरच येईल. खोटं आहे हे माहीत असून कुणाला त्रास व्हावा म्हणून तक्रार करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध अशी खोटी माहिती देणं अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा ठरतो. तक्रारीची भीती घालून मित्राकडून नोट्स, पैसे किंवा अन्य काही उकळू नका, ती सरळ खंडणी होते. आणि भांडण झाल्याच्या आठवड्यात अर्ज करू नका. पंधरा दिवस थांबून तोच अर्ज पुन्हा वाचा. राग ओसरल्यावरही तो तितकाच खरा वाटला तर द्या.

स्वतःला आणखी एक गोष्ट विचारा. हाच प्रकार खुल्या प्रवर्गातल्या, तुमच्याच जातीच्या, तुमच्याच गावच्या मित्राने ईडब्ल्यूएसचा दाखला घेऊन केला असता, तर तुम्ही हाच अर्ज लिहिला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर अर्जामागचं कारण तपासून पाहा.

न कळवण्याचं ठरलं तर

तोही तुमचा हक्क आहे. अशा प्रकारच्या फसवणुकीची माहिती पोलिसांना दिलीच पाहिजे असं बंधन कायद्याने सामान्य विद्यार्थ्यावर घातलेलं नाही. ज्याचं शिक्षण घरच्या एकमेव आधारावर चाललंय, ज्याच्या माहितीत अर्धं ऐकीव आहे, ज्याला वसतिगृहात त्याच खोलीत अजून दोन वर्षं काढायची आहेत, त्याने न कळवण्याचं ठरवलं तर त्याला भित्रा म्हणण्याचं कारण नाही.

पण गप्प राहणं आणि हातभार लावणं यांत अंतर आहे. खोट्या भाडेकरारावर साक्षीदार म्हणून सही करू नका. आपला पत्ता, आधार किंवा बँक खातं कुणाच्या लाभासाठी वापरू देऊ नका. फेलोशिपवाल्या सिनिअरची हजेरी लावू नका. चौकशी अधिकाऱ्याने तुम्हाला थेट विचारलं तर खोटं सांगू नका. ‘माझं नाव यात नको’ हे वाक्य मित्राला एकदा स्पष्ट सांगून टाका. मैत्री त्याने तुटली तरी तुम्ही गुन्ह्यात सहभागी होत नाही.

कळवल्यानंतर

निकाल तुम्हाला कळेलच असं धरून चालू नका. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक जपून ठेवा, महिन्या-दीड महिन्याने एकदा विचारणा करा आणि मग ते प्रकरण सोडून द्या. चौकशीत दाखला खरा निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, मात्र ज्या कुणाजवळ शंका बोलून दाखवली होती त्याला तेही सांगा. त्रास सुरू झाला तर प्राचार्यांना लेखी कळवा. घरच्यांपैकी एकाला आधीपासून सगळं माहीत असू द्या.

कळवा किंवा कळवू नका, एक काम दोन्ही वेळा शिल्लक राहतं. ज्याची जागा किंवा रक्कम गेली असं तुम्हाला वाटतं, त्या विद्यार्थ्याचं काय? वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख भत्ता आहे. आधार बँकेला जोडलेलं नाही, दाखल्याची मुदत संपली, अर्ज महाविद्यालयाच्याच लॉगिनमध्ये अडकून पडला, अशा क्षुल्लक कारणांनी पात्र मुलांचे पैसे अडतात. शेवटची तारीख जायच्या आत त्यांच्याजवळ बसून एक अर्ज नीट भरून द्या. त्यासाठी कोणत्याही मित्राचा दाखला तपासावा लागत नाही.